छत्तिसावा रुमाल

ब्रसेल्स, २२ नोव्हेंबर १९९८

मजीद,

माझ्यावर परदेशात घोर अन्याय झालेला आहे आणि दाद मागायला तुझ्याखेरीज दुसरं न्यायालय मला सुचत नाही. प्रकरण असं. काल संध्याकाळी ज्या हॉटेलात मला जेवायला नेलं, तिथं माझ्या पुढ्यात चार काटे, तीन सुऱ्या, दोन चमचे, लहानमोठे चार पेले, एक मेणबत्ती आणि एक जांभळं फूल ठेवलेलं होतं. मीठ नव्हतं.

मी मेणबत्तीच्या पलीकडं बघितलं, फुलाच्या मागं बघितलं, वाकून टेबलाखालीही बघितलं. नव्हतं. आपल्या एसटी स्टँडवरच्या कळकट हॉटेलातसुद्धा टेबलावर मिठाची डबी असते. तिची भोकं पावसाळ्यापासून बुजलेली असतात हा भाग वेगळा, पण ती असते. माणसाला आशा वाटते.

तू म्हणशील, पावणेपाच वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही तो आता मिठावरून पत्र लिहितो. व्हय, लिहितो. तुझी उर्दू मला वाचता येत नाही, पण माझी मराठी तुला येते, म्हणून तुझ्यावर ही पाळी आली.

वच्छलाचा धाकटा भाऊ बद्रीनाथ तुला आठवत असेल. आमच्या लग्नात तुझ्या अब्बांनी भाजलेले नान मोजत बसला होता, तोच. आता इथं औषधांच्या कंपनीत मोठा साहेब आहे. बहिणीला आणि दाजीला एकदा जग दाखवायचं म्हणून त्यानं तिकिटं पाठवली. जग म्हणजे त्याच्या मते जेवण.

तर ताट आलं. गाडीच्या चाकाएवढं. त्याच्या मधोमध काडेपेटीएवढा माशाचा तुकडा, आणि शेजारी हिरवे तीन ठिपके, कुणीतरी पेन झटकल्यासारखे. मी तुकडा तोंडात घातला. सवयीनं डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनी, तुझ्या त्या रांजणाएवढ्या देगेपुढं बसून म्हणायचो तस्संच मोठ्यानं बोलून गेलो, "कमी आहे!"

आजूबाजूची चार टेबलं गप्प झाली. बद्री कुजबुजला, "दाजी, हळू. इथं मीठ मागत नाहीत. आचाऱ्याचा अपमान होतो."

"अरे, मीठ सांगितलं नाही तर अपमान होतो!"

मग मला त्या लेकराला सगळं समजावून सांगावं लागलं. पंचेचाळीस वर्षांचं लेकरू आहे, पण साहेब माणसाला कुणीतरी समजावलं पाहिजे. सांगितलं, की रमजानात मजीदचा रोजा असतो. देग शिजवतो पण थेंब जिभेवर घेत नाही. मग संध्याकाळी मटणाच्या ज्या कालियावर सगळी गल्ली रोजा सोडणार, त्याचं मीठ बघायचं कुणी? मी. बहात्तर सालापासून, रोज चार वाजता, भट्टीपाशी पिठाच्या पोत्यावर बसून. मजीद पळी पुढं करणार, मी चाखणार, बोलणार. कमी, बरोबर, जास्त. बावीस रमजान.

"आणि आता?" बद्रीनं विचारलं.

आता काय, म्हटलं, तो मासा थंड होतोय.

तेवढ्यात वाढपी आचाऱ्यालाच घेऊन आला. उंच पांढरी टोपी, हात मागं बांधलेले. मला वाकून विचारलं, काही चुकलंय का? मजीद, आमदारापासून आयुक्तापर्यंत ज्यानं आपल्या शनिवारच्या सदरातून कुणाला सोडलं नाही, तो मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि म्हणालो, "व्हेरी नाइस. व्हेरी व्हेरी नाइस." तो खूश होऊन गेला. मी तो अळणी मासा हिरव्या ठिपक्यांसकट संपवला.

एवढंच कळवायचं होतं. आपल्यात जे झालं त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. लिहिलेलं नाही, याची नोंद असावी.

सगीराभाभींना सलाम.

आप्पासाहेब


ब्रसेल्स, २९ नोव्हेंबर

मजीद,

आधीचं पत्र पोचलं असेल तर भट्टीत गेलं असेल. हरकत नाही. त्यात माशाखेरीज काही नव्हतं, आणि मासाही फारसा नव्हता.

या खेपेला बद्रीनं आम्हाला गाडीनं तासभर लांबच्या गावी नेलं. तिथं म्हणे नऊ वाढपं होतात. नऊ ऐकून मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं. वच्छलानं पैठणी नेसली, वर बद्रीचा ओव्हरकोट चढवला. आमची जोडी आत शिरली तेव्हा पियानो वाजवणाऱ्याचा एक सूर चुकला.

पहिल्या वाढपात एक दगड आला. खोटं नाही, गोदावरीत सापडतो तसला गुळगुळीत दगड, आणि त्यावर एक पान. वच्छलानं मला विचारलं, "अहो, हे देवाला दाखवायचं का आपण खायचं?" चौथ्यात फेस आला. नुसता फेस. वाढप्यानं त्याची पाच मिनिटं वंशावळ सांगितली, कोणत्या गावची गाय, तिच्या मालकाचं नाव काय, ती कुठलं गवत खाते. वच्छला म्हणाली, "दुधावरचा असला फेस मी काढून टाकते बाई." सहाव्यात बीट. आठ तास मातीत भाजलेलं. वाढप्यानं छोट्या हातोडीनं मातीचा गोळा फोडला, टाळ्या पडल्या. मी म्हटलं, आमच्या गावाकडं पिशोरला बीट आठ तास नाही, तीन महिने मातीत असतं. टाळी वाजवायला अजून कुणी आलेलं नाही.

मी रंगात आलो होतो. तुला माहीत आहे मी रंगात आलो की कसा होतो. वच्छला पदर तोंडात धरून हसत होती, शेजारच्या टेबलावरची गोरी बाई तिला बघून हसत होती. आणि बद्रीनं काटा खाली ठेवला.

"दाजी," तो म्हणाला, "हे टेबल मी तीन महिन्यांमागं राखून ठेवलं. तुमची तिकिटं काढायच्या आधी. इथं नवा होतो तेव्हा कामाला याच गावात होतो. या काचेवरून रोज जायचो. आत बसलेली माणसं दिसायची. वाटायचं, ताई आली की तिला इथं बसवीन. तुम्ही लई हुशार आहात, मान्य आहे. पण कुणी कौतुकानं बसवलं तर एकदा नुसतं बसून बघा की."

मी तीन वाढपं गप्प बसलो. माझ्या हयातीतला हा विक्रम आहे. वच्छला मला ताप आलाय का ते बघायला लागली. आणि खरं सांगू? गप्प बसल्यावर ते बीट जिभेवर आलं. चांगलं होतं. मीठही बरोबर होतं. पण तेव्हा सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

घरी पोचलो तेव्हा तिघंही उपाशी होतो. वच्छलानं पिशोरहून आणलेल्या पिठाच्या भाकरी सकाळीच करून ठेवलेल्या. ठेचा काढला. बद्रीनं उभ्याउभ्या दीड भाकरी खाल्ली आणि मग माझ्याशी बोलायला लागला. हवामानाबद्दल का होईना.

भाकरी एका पांढऱ्या रुमालात गुंडाळलेल्या होत्या. कडेनं हिरव्या दोऱ्याची शिवण, कोपऱ्यात छोटी कैरी काढलेली.

"हा रुमाल कुठला?" मी विचारलं.

"कुठला म्हणजे? तुमच्याच कोटाच्या खिशात सापडला की, मागं. चार वर्षं झाली. भाकरीला याच्यासारखा रुमाल नाय. घाम धरत नाही."

चार वर्षं रोज या रुमालातली भाकरी मी खातो आणि एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही. ती कैरी कुणाच्या हातची आहे ते तुला माहीत आहे. मलाही. आज पुढचं लिहवत नाही. थंडी फार आहे, बोटं वळत नाहीत.

आप्पा


ब्रसेल्स, ८ डिसेंबर

मजीद,

थंडी तेवढीच आहे. बोटं वळतात. मागच्या खेपेलाही वळत होती.

बद्री कामाला गेलाय, वच्छला खिडकीशी बसून बर्फाची वाट बघतीय. आज मला कुणी कुठं जेवायला नेणार नाही, त्यामुळं हसवायला काही नाही. लिहूनच टाकतो.

फेब्रुवारी चौऱ्याण्णव. तिसरा रोजा. औरंगपुऱ्यात तुझं हॉटेल उघडलं. ज्या घराण्यानं चार पिढ्यांत भट्टीपासून पंचवीस पावलांपलीकडं दुकान नेलं नाही, त्यातल्या माणसानं पहिल्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या, गार हवेचं यंत्र लावलं, आणि सगीराभाभींनी महिनाभर बसून हातानं रुमाल शिवले. मी सवयीनं चारच्या ठोक्याला आलो आणि मागचा जिना शोधायला लागलो. देग खालीच होती, वास येत होता. तर एका टोपीवाल्यानं मला अदबीनं धरलं आणि पुढच्या दारानं वर नेलं. टेबल नंबर एक. खिडकीपाशी. वर पाटी, ‘राखीव’. ताटलीत रुमालाचा हंस.

मग तू आलास. कोटात. आणि चार लोकांच्या देखत मला म्हणालास, "या, आप्पासाहेब. काय घेणार?"

बावीस वर्षांत तू मला आप्प्या सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतंस. शिव्या धरल्या तर गोष्ट वेगळी.

मला वाटलं, संपलं. कालपर्यंत भट्टीचा माणूस होतो, आज गिऱ्हाईक झालो. मीठ बघायला आता दुसरा कुणी ठेवला असेल, पगारी. तरी मी वाट बघितली. म्हटलं, खालून हाक येईल, "ए आप्प्या, मर इकडं." पाच वाजले, साडेपाच वाजले. तो हंस आणि मी एकमेकांकडं बघत बसलो. अजान झाली, खजूर आले, मग ताट आलं. नान कापडात गुंडाळलेला, कालियावर लाल तर्री, वाफ येत होती. मी उठलो. म्हणालो, प्रेसमधून फोन आलाय.

फोन आलेला नव्हता. तुझ्या हॉटेलात फोन होता तरी का, मला आजही माहीत नाही. हातात रुमाल होता, तो तसाच खिशात गेला.

आणि शनिवारी मी लिहिलं. तुला पाठ असेल, तरी लिहितो. शिक्षा आहे. ‘औरंगपुऱ्यात नानला गळपट्टा आणि कालियाला इंग्रजी अशी उत्तम सोय झाली आहे. फक्त मीठ आणायचं राहून गेलं.’

सगळं शहर हसलं. माझ्या राजकारणावर या शहरात कुणाचा विश्वास नाही, पण मजीदच्या मिठाबद्दल आप्पा बोलला म्हणजे ते कोर्टाचं झालं. लोक तुझ्याकडं येऊन घास घ्यायच्या आधीच मीठ मागायला लागले, असं मला नंतर कुणीकुणी कौतुकानं सांगितलं. अकरा महिन्यांनी पाटी उतरली. तू परत अब्बांच्या भट्टीवर गेलास. त्यानंतरच्या रमजानात चार वाजता मी घरात कुठल्या कोपऱ्यात बसलो, ते वच्छलाला विचार.

मजीद, मी तो कालिया चाखला नव्हता. एक घासही नाही. बोट बुडवून चाटलेलंही नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ज्याला कधी बघितलं नव्हतं त्या इथल्या टोपीवाल्या आचाऱ्याला तीनदा व्हेरी म्हणालो, आणि तुझ्याबद्दल न चाखता मीठ नाही म्हणालो. मिठाला जागण्याच्या म्हणी इथं मुद्दाम लिहीत नाही. सगळ्या माझ्या विरुद्ध साक्ष देतात.

अठरा तारखेला निघतो. रमजान लागेलच. भट्टीपाशी पोतं अजून आहे का, एवढं विचारणार होतो.

विचारत नाही.


औरंगाबाद, २७ डिसेंबर १९९८, दुपार

मजीद,

काल जे झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. ते परत तुलाच लिहून कळवण्यात अर्थ नाही. तरी लिहितो, कारण काल तू मला बोलू दिलं नाहीस, आणि कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

येऊन पाच दिवस मी घरात बसलो. वच्छलाला सांगितलं, प्रवासाचा शीण आहे. ती म्हणाली, "शीण पायाला असतो, तुम्ही तोंड का पाडलंय?" शुक्रवारी सदर लिहिलं आणि तळाशी दोन ओळी टाकल्या: ‘फेब्रुवारी १९९४मध्ये याच जागी एका हॉटेलातल्या कालियात मीठ नसल्याचं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं तो कालिया चाखलेला नव्हता.’ संपादकांनी मला बोलावून विचारलं, "आप्पासाहेब, यात विनोद कुठं आहे?" म्हटलं, शोधतोय.

काल शनिवार. छापून आलं. चारला मी गल्लीच्या तोंडाशी. तंदुरापाशी तुझी पाठ दिसली. मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. तू मागं न बघता म्हणालास, "उभा का आहेस? हवा अडती."

पोतं होतं. नवं होतं अर्थात, जागा जुनीच. बसलो.

"पत्रं आली," तू म्हणालास.

"तिन्ही?"

"दोन सगीरानं वाचून दाखवली. दगडावरचं पान, फेस. लई हसली. शेजारणीला बोलावून परत वाचलं."

"आणि तू?"

"मला रोजा होता."

"रोज्यात हसायला बंदी आहे?"

"तुझ्यावर हसायला आहे."

"तिसरं?"

"तिसरं मी वाचलं," म्हणालास, आणि देगेचं झाकण काढलंस. बराच वेळ ढवळलंस. मग पळी माझ्यापुढं धरलीस. हात लांब, तोंड दुसरीकडं. "बोल."

मी चाखलं. डोळे मिटले. गल्लीतली तीन माणसं हातातलं काम सोडून माझ्या तोंडाकडं बघत होती, ते मला मिटल्या डोळ्यांनी कळत होतं. खोटं बोलून गोड होण्याची संधी यापेक्षा मोठी मला आयुष्यात परत मिळणार नव्हती.

"कमी आहे," म्हटलं. "मूठ नको. चार चिमट्या."

तू चार चिमट्या टाकल्यास. ढवळलंस. आणि म्हणालास, "त्या दिवशी पण कमी होतं."

"कुठल्या दिवशी?"

"तुझा फोन आला त्या दिवशी."

मला वाटलं तू माझं मन राखतोयस. तसा तुझा स्वभाव नाही हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"खाली थांबलो होतो रे, आप्प्या, देगेपाशी. म्हटलं, हा टेबल बघेल, हंस बघेल, मग शिव्या देत खाली येईल, म्हणेल सरक. अजान व्हायला आली तरी तुझा पत्ता नाय."

"मग बोलवायचंस की! मी वर हाकेची वाट बघत मरत होतो!"

"कसा बोलावणार? बावीस वर्षं पोत्यावर बसवला तुला. म्हटलं, एक दिवस तरी खुर्चीवर बसू दे. पहिलं टेबल कुणासाठी केलं होतं, गव्हर्नरसाठी?"

"अन् आप्पासाहेब कुणाला म्हणालास?"

"कोट घातल्यावर आप्प्या तोंडातून निघंना."

"मग मीठ कुणी बघितलं?"

"कुणीच नाय. अंदाजानं टाकलं, अल्ला का नाम लेके. कमी पडलं. इफ्तारनंतर मी खाल्लं तेव्हा कळलं."

म्हणजे मी खोटं लिहिलं आणि ते खरं निघालं. तीस वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदाच घडलं, आणि मी ते त्याच सकाळी छापून रद्द केलं होतं. तू पळीनं माझ्याकडं बोट दाखवल्यासारखं करून म्हणालास, "आता दुरुस्तीची दुरुस्ती छाप." तेव्हा तू हसलास. रोजा मोडला का ते मौलवींना विचारून घे.

मग हसू गेलं. "मीठ नाय म्हणालास त्याचं काय नाय," म्हणालास. "पण भरलं ताट ठेवून उठलास..." आणि पळी देगेच्या कडेवर आपटलीस.

अजान झाली. खजूर झाले, पाणी झालं. मग सगीराभाभी स्वतः ताट घेऊन आल्या, दोन नान, वाटीत कालिया, वर बोटभर तर्री. म्हणाल्या, "आप्पाभाई, इस बार फोन आया तो मैं उठाऊँगी. आप खाओ." मी खिशातून रुमाल काढला आणि मांडीवर अंथरला. त्यांनी कैरी ओळखली. "हाय अल्ला! छत्तीस शिवले होते मी. हॉटेल बंद झालं तेव्हा पस्तीस निघाले. चार नोकरांना बोल लावले मी याच्यासाठी!" त्या चौघांचीही माफी मागायची आहे. पत्ते असतील तर कळव.

मी ताट पुसून खाल्लं, ते तू बघितलंस. बघत नाही असं दाखवत होतास, पण बघत होतास. तर्रीचा एक थेंब रुमालावर पडला. भाभी म्हणाल्या, आता धुऊनच द्या.

आज सकाळी उठून पहिलं पत्र बद्रीला लिहिलं. त्या बिटाला मीठ बरोबर होतं, एवढं एकच वाक्य. त्याला कळेल.

मग रुमाल धुतला. वच्छला म्हणाली, द्या इकडं, तुम्हाला काय येतंय. दिला नाही. तीनदा साबण लावला, दोन तास उन्हात टाकला. कैरीशेजारी पिवळट डाग राहिलाय तो राहिलाय. हंस करायचाही प्रयत्न केला. कोंबडी झाली, मोडून टाकली. साधी घडी घालतोय. हे पत्र त्यातच गुंडाळून वच्छलाच्या हाती भाभींकडं पाठवतो. भाकरीला दुसरा रुमाल बघा म्हटल्यावर ती जरा रागावलीय, तिला चहा पाजा.

छत्तीस झाले. मोजून घ्यायला सांग.

चारला येतो.

आप्प्या